नॅसकारच्या जुन्या डायकास्ट गाड्या जमवायच्यात? नवख्यांसाठी पहिल्यापासून

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला किंवा आजूबाजूला, म्हणजे कॉन्कॉर्ड, मूर्सव्हिल वगैरे भागात राहायला आलात की एक गोष्ट लवकरच लक्षात येते. शनिवारी सकाळी कुठल्याही गल्लीत यार्ड सेल, म्हणजे अंगणात मांडलेली जुन्या सामानाची विक्री, लागलेला असो, टेबलाच्या कोपऱ्यात नंबर टाकलेल्या, जाहिरातींनी मढलेल्या छोट्या धातूच्या रेसिंग गाड्यांचा, म्हणजे डायकास्टचा, एक खोका असतोच. आपल्यातले बरेच जण लहानपणी हॉट व्हील्ससाठी हट्ट करून वाढलेत, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो, आणि मग कुणीतरी सांगतं की ही तर लिमिटेड एडिशन आहे, ऐंशी डॉलर. गणपतीत भेटलं की दोन-तीन जण तरी मला विचारतात की हे खरं असतं का, काय घ्यावं, काय सोडावं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

१. आधी हे काय प्रकरण आहे ते

आपल्याकडे रेसिंग म्हटलं की फॉर्म्युला वन. इथे अमेरिकेच्या दक्षिणेत नॅसकार. बिल फ्रान्स नावाच्या माणसाने १९४८ मध्ये डेटोना बीचला ही संस्था उभी केली, आणि १९४९ मध्ये शार्लटलाच पहिली शर्यत झाली ज्यात शोरूममधून घेतलेल्या साध्या गाड्या पळवायच्या होत्या. त्याच्याही आधी डोंगरातून चोरटी दारू पोचवणारे ड्रायव्हर पोलिसांना चुकवायला गाड्या फास्ट करून घ्यायचे, त्यातले काही पुढे ट्रॅकवर आले. आता गाडी नुसती नावाला शोरूमची, आत सगळं वेगळं. एवढी माहिती पुरे. बाकी जाणून घ्यायचं असेल तर डाउनटाउनला नॅसकार हॉल ऑफ फेम आहे, २०१० मध्ये उघडलंय, एक दुपार काढा आणि जाऊन या. खऱ्या गाड्या जवळून बघितल्या की मॉडेलमधल्या चुका पटकन दिसायला लागतात.

२. काय जमवायचं ते खरेदीच्या आधी ठरवा

हे नाही ठरवलं तर सहा महिन्यांत घरात खोके आणि बायकोच्या कपाळावर आठ्या, दोन्ही वाढतील. रस्ते साधारण असे:

एक ड्रायव्हर धरा. रिचर्ड पेटी म्हणजे ४३ नंबर, निळी गाडी, आणि १९७२ पासून त्यात जाहिरातदार एसटीपीचा भडक लाल. कारकिर्दीत २०० शर्यती जिंकलेला हा एकटाच माणूस. डेल अर्नहार्ट म्हणजे ३ नंबर, काळी गाडी, जाहिरात गुडरेंचची. जेफ गॉर्डन म्हणजे २४ नंबर, इंद्रधनुषी गाडी, जाहिरात ड्यूपाँची. अर्नहार्ट सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून त्याच्या गाड्या सगळ्यात जास्त बनल्या, आणि म्हणून सगळ्यात जास्त कचराही त्यातच आहे.

नाहीतर एक कंपनी धरा, एक जाहिरातदार धरा (फक्त साबणाच्या आणि वॉशिंग पावडरच्या गाड्या जमवणारी माणसं आहेत, टाइड ऑरेंज दिसली की उडी मारतात).

माझं मत विचाराल तर एक सीझन धरा. आणि नवख्याला मी डोळे मिटून १९९२ सांगतो. त्या वर्षीची शेवटची शर्यत नोव्हेंबरमध्ये अटलांटाला झाली. पेटीची ती शेवटची आणि गॉर्डनची पहिली. चॅम्पियनशिपसाठी सहा जण शर्यतीत होते. डेव्ही अ‍ॅलिसन आघाडीवर होता पण अपघातात सापडला, रेस बिल एलियटने जिंकली आणि चॅम्पियनशिप मात्र अ‍ॅलन कुलविकीने नेली, फक्त १० पॉइंटांनी. सगळ्यात जास्त लॅप आघाडीवर राहणाऱ्याला ५ पॉइंट बोनस मिळायचे. कुलविकी १०३ लॅप पुढे होता आणि एलियट १०२. म्हणजे एका लॅपने सगळं फिरलं. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये कुलविकी विमान अपघातात गेला आणि जुलैमध्ये अ‍ॅलिसन हेलिकॉप्टर अपघातात. ह्या एका सीझनच्या गाड्या शेल्फवर लावल्या की ती एक पूर्ण गोष्ट होते, आणि अर्नहार्टच्या मानाने बऱ्याच स्वस्तात होते.

जाता जाता एक बारकावा. कुलविकीचं पथक छोटं, पैसे कमी, गाडी फोर्ड थंडरबर्ड. त्या शेवटच्या शर्यतीला त्याने परवानगी काढून पुढच्या बंपरवरची पहिली दोन इंग्रजी अक्षरं काढून टाकली, राहिलं 'अंडरबर्ड'. त्यामुळे कुणी अटलांटाच्या शर्यतीतली गाडी म्हणून मॉडेल विकत असेल तर आधी बंपर वाचा. पूर्ण थंडरबर्ड लिहिलेलं असेल तर ती सीझनमधली दुसरी कुठली तरी गाडी आहे, वाईट नाही, पण तेवढे जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही.

३. स्केल समजून घ्या

१:६४ म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढी, हॉट व्हील्सच्या मापाची, साधारण आठ सेंटिमीटर. १:२४ म्हणजे वीत-सव्वा वीत, वीस-एकवीस सेंटिमीटर, खरं कलेक्शन बहुतेक ह्याच मापात होतं. १:१८ अजून मोठी, जागा खाते. १:४३ नॅसकारमध्ये कमी दिसते.

विकणारे स्केल बिनधास्त चुकीचं लिहितात. सोपी युक्ती सांगतो. १९८१ पासून पुढच्या काळातल्या कप, म्हणजे नॅसकारच्या मुख्य मालिकेतल्या, गाड्यांचा व्हीलबेस ११० इंच, म्हणजे साधारण २७९ सेंटिमीटर. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. ११.६ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर १:२४, साडेपंधरा आलं तर १:१८, ४.४ च्या आसपास आलं तर १:६४. स्वस्त गाड्यांत मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असतं, ते सोडून द्या.

४. गाडी जुनी की मॉडेल जुनं?

नवखे सगळ्यात जास्त इथे फसतात म्हणून जरा सावकाश वाचा.

पेटीची १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड, मागे उंच पंख असलेली, बघितली की वाटतं हे पन्नास वर्षांपूर्वीचं मॉडेल आहे. नसतं. १:१८ आणि १:२४ मध्ये जी दिसतात ती बहुतेक सगळी नव्वदच्या दशकात किंवा नंतर बनलेली आहेत. सुंदर असतात, एर्टल कंपनीची तर मला फार आवडतात, पण ती १९७० ची नाहीत. म्हणून गाडी उलटी करा आणि तळ वाचा. कंपनीचं नाव, देश, बऱ्याचदा वर्षही तिथेच असतं. तळावरचं वर्ष साच्याचं असू शकतं, म्हणजे मॉडेल त्या वर्षीचं किंवा नंतरचं, त्याच्या आधीचं नाही.

नॅसकारच्या डायकास्टचा खरा धंदा सुरू झाला १९८९-९० च्या सुमारास. त्याआधी एर्टलने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला १:६४ मध्ये थोड्याफार काढल्या होत्या. मग १९८९ ला रेसिंग चॅम्पियन्स आली, १:६४ च्या स्वस्त गाड्या सुपरमार्केटमध्ये लटकायला लागल्या. मॅचबॉक्स, रेव्हेल उतरले. फ्रेड वॅगनहाल्स ह्या माणसाची अ‍ॅक्शन परफॉर्मन्स नावाची अ‍ॅरिझोनातली कंपनी आली, तिने १:२४ मध्ये बोनेट उघडणाऱ्या, आत इंजिन दिसणाऱ्या महागड्या गाड्या काढल्या आणि ड्रायव्हरांची लायसन्स गोळा करत करत सगळ्यांना मागे टाकलं. १९९७ च्या आसपास हॉट व्हील्स आणि विनर्स सर्कलही आले. पुढे २००५ मध्ये ही अ‍ॅक्शन कंपनी शर्यतीचे ट्रॅक चालवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी घेतली, आणि २०१० पासून हे काम लायोनेलकडे आहे, तीच ती खेळण्यातल्या आगगाड्यांवाली.

तळ वाचता आला नाही तर अंगावरून ओळखा. विन्स्टन ह्या सिगरेट ब्रँडचं नाव मालिकेला १९७१ ते २००३ होतं, नंतर नेक्स्टेल, मग स्प्रिंट. शेव्हरोलेची लुमिना असेल तर १९८९ ते ९४, त्यानंतर मॉन्टे कार्लो. फोर्डची थंडरबर्ड १९९७ पर्यंत, १९९८ पासून टॉरस. छतावर चौकोनी झडपा, म्हणजे रूफ फ्लॅप, खऱ्या गाड्यांना १९९४ पासून आले, तेव्हा १९९१ ची म्हणून विकलेल्या गाडीच्या छतावर ते दिसले तर कंपनीने नंतरचाच साचा वापरलाय असं समजा.

अजून एक. खेळण्यांच्या दुकानात जाणाऱ्या गाड्यांवरून दारू-तंबाखूची नावं काढलेली असायची. रस्टी वॉलेसची २ नंबरची मिलर बिअरची गाडी, पण खेळण्यावर नुसतं पेन्स्की, म्हणजे पथकाच्या मालकाचं नाव. ती खोटी नाही, खेळण्याच्या दुकानातली आहे. मिलर लिहिलेली कलेक्टरांसाठीची वेगळी, किंमतही वेगळी.

५. सोबत काय ठेवायचं

- व्हर्नियर कॅलिपर, प्लास्टिकचा चालतो
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळजीकडे असतं तसलं
- मोबाईलचा टॉर्च
- मायक्रोफायबरचं फडकं
- छोट्या नोटा, यार्ड सेलला वीसची नोट काढून तीन डॉलरचा भाव करणं बरं दिसत नाही
- फोनमध्ये एक शीट: काय आहे, कितीला घेतलं, काय हवंय

कागद म्हणाल तर मूळ खोका, आतलं सर्टिफिकेट, असेल तर मूळ पावती. १:२४ ला बाहेरचा पुठ्ठ्याचा बाही-खोका आणि आतला थर्माकोल दोन्ही हवेत. खोक्यावर किंवा सर्टिफिकेटवर लिहिलेला आणि तळावरचा सिरीयल नंबर जुळतो का बघा, सेलमध्ये खोक्यांची अदलाबदल सर्रास होते.

६. कुठे शोधायचं

यार्ड सेल आणि इस्टेट सेल हे सगळ्यात चांगले. इस्टेट सेल म्हणजे घरातलं कुणी गेलं किंवा वृद्धाश्रमात गेलं की अख्ख्या घरातलं सामान विकायला काढतात. तिथे जरा भान ठेवून बोला, समोरची बाई तिच्या नवऱ्याची चाळीस वर्षांची हौस विकत असते. "ह्यांनी ही पन्नास डॉलरला घेतली होती" असं ती म्हणेल. तिला मार्केट समजावत बसू नका, तुम्हाला परवडणारा आकडा सांगा, सगळ्या मिळून घेतो म्हणा, बऱ्याचदा जमतं. आणि चार शब्द ऐकून घ्या, कुठल्या शर्यतीला गेले होते, कुणाची सही कुठे घेतली, ते पुढे गाडीची माहिती लिहायला उपयोगी पडतं.

शार्लट मोटर स्पीडवेवर ऑटोफेअर नावाचा गाड्यांचा मेळा भरतो, तिथल्या फ्ली मार्केटमध्ये दिवसभर चालून पाय मोडतात पण माल बघायला मिळतो. थ्रिफ्टच्या, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या, दुकानात हल्ली काचेच्या कपाटात ठेवून भाव वाढवतात. ईबेवर सगळं मिळतं, पण पहिल्या काही गाड्या हातात घेऊन बघूनच घ्या, त्याशिवाय फोटो वाचायची नजर येत नाही. ईबेवर शोधताना बोनेट-डिकी टाकू नका, इथे हूड आणि ट्रंक म्हणतात. लिस्टिंगमध्ये बँक लिहिलं असेल तर ती गुल्लक आहे, पैसे टाकायला फट आणि तळाला किल्ली. तीच गाडी, तोच रंग, पण बहुतेक वेळा साध्या गाडीपेक्षा स्वस्त. फोटोत फट लपवलेली असते, म्हणून सगळ्या बाजूंचे फोटो मागा.

७. हातात घेतल्यावर काय बघायचं

पहिल्यांदा वास घ्या. हसू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात सिगरेटचा वास मुरला की तो जात नाही, आणि इथल्या जुन्या घरांत हे फार.

मग रंग. छत आणि दरवाजाचा रंग शेजारी शेजारी ताडून बघा. खिडकीत ठेवलेल्या गाडीचा रंग वरून आणि एका बाजूने उडतो. पेटीचा एसटीपी लाल हा चमकणारा फ्लोरोसंट लाल, तो सगळ्यात आधी फिका पडून गाजरासारखा होतो.

मग भिंग काढा आणि नंबराची कडा बघा. कारखान्यात अक्षरं बहुतेक पॅडने छापलेली असतात, शाई थेट रंगावर बसते. घरी बनवलेल्या गाडीवर पाण्यात भिजवून चिकटवायचं डेकल असतं. टॉर्च आडवा धरला की अक्षराभोवती पारदर्शक पापुद्र्याची बारीक रेघ चमकते, वळणावर कधी सुरकुतीही असते. डेकल म्हणजे खोटंच असं नाही, काही कंपन्यांनी जुन्या मालावर स्टिकर आणि डेकल वापरलेत. पण रेसिंग चॅम्पियन्सची साधी १:६४ घेऊन त्यावर दुर्मिळ रंगसंगती चिकटवणारे हौशी लोक खूप आहेत. ते स्वतः कस्टम, म्हणजे घरी बदललेली, म्हणून प्रामाणिकपणे विकतात, दुसऱ्या-तिसऱ्या हातात तीच गाडी फॅक्टरीची दुर्मिळ चूक होऊन येते.

तळाचे स्क्रू बघा. खाचा घासलेल्या असतील तर गाडी उघडली गेलीय. का, ते विचारा.

रंगाखाली फोड किंवा अंगावर बारीक भेगा दिसल्या तर गाडी खाली ठेवा. ही बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, त्यात शिसं वगैरे भेसळ राहिली की धातू आतून फुगून तडकतो. त्यावर उपाय नाही.

टायर बघा. रबर वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या स्टँडवर टेकून राहिलं की दोन्ही एकमेकांना चिकटतात, टायरखाली वितळल्यासारखा खड्डा पडतो. टायर चपटा आहे का ते फिरवून बघा.

आणि एक उलटी सूचना. काही गाड्या जिंकलेल्या शर्यतीनंतर जशी दिसत होती तशाच बनवल्यात. त्यावर रबराचे काळे डाग, पोचे, कधी कागदी कॉन्फेटीसुद्धा कारखान्यातूनच लावलेली असते. आपली पुसायची सवय इथे आवरा. खोक्यावर रेस्ड व्हर्जन किंवा रेस विन लिहिलंय का ते आधी वाचा.

८. किंमत

ईबेवर लोक मागतात तो भाव बघू नका, विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा आणि त्यातले शेवटचे दहा-बारा सौदे बघा. तोच भाव.

आता मुद्द्याचं. नव्वदच्या दशकात इथे अक्षरशः वेड लागलं होतं. लिमिटेड एडिशन, नंबर घातलेली, मुलांच्या शिक्षणाला कामी येईल म्हणून लोकांनी खोके न उघडता कपाटात रचले. सगळ्यांनीच रचले. त्यामुळे आज त्या सगळ्या कोऱ्या करकरीत उपलब्ध आहेत आणि घेणारे कमी. मुळात तीस-चाळीस-पन्नास डॉलरला घेतलेली साधी १:२४ अ‍ॅक्शन आज बऱ्याचदा त्याच्या निम्म्यातही मिळते, आणि १:६४ रेसिंग चॅम्पियन्स तर एक-दोन डॉलरला. अर्नहार्ट २००१ मध्ये डेटोनाच्या शेवटच्या लॅपला गेला तेव्हा भाव आकाशाला भिडले आणि मग खाली आले. खोक्यावर "५,००० पैकी एक" लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, पाच हजार गाड्या म्हणजे पाच हजार.

मुलांनी मातीत खेळून ज्या मोडल्या त्या सुरुवातीच्या, कुणी जपून ठेवायच्या म्हणून बनवल्याच नव्हत्या, त्या चांगल्या स्थितीत मिळत नाहीत आणि त्यांनाच भाव आहे. क्रोम, सोनेरी मुलामा वगैरे मुद्दाम दुर्मिळ केलेल्या आवृत्त्या मला स्वतःला अजिबात आवडत नाहीत, खऱ्या गाड्या क्वचितच अशा पळाल्यात.

गुंतवणूक म्हणून ह्यात पडू नका, त्यापेक्षा एसआयपी करा. पण जमवायचंच असेल तर आत्ताइतका स्वस्त काळ क्वचितच येतो.

९. सह्या

पेटी सही द्यायला कधी कंटाळला नाही, प्रचंड सह्या फिरतायत, अस्सल आणि परवडणाऱ्या. अर्नहार्टची सही मात्र पक्क्या पुराव्याशिवाय घेऊ नका. विकणाऱ्याने घरी छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे पुरावा नाही. त्रयस्थ तपासणी झालेली असेल तरच जास्तीचे पैसे, नाहीतर सही नाहीच असं समजून भाव करा.

१०. घरी आणल्यावर

गॅरेज आणि माळा, दोन्ही नकोत. कॅरोलायनाचा उन्हाळा दमट, माळ्यावर तर भट्टी. घरात, उन्हापासून लांब, अ‍ॅक्रिलिकच्या डब्यात. टायर आणि प्लास्टिकच्या मध्ये कागदाचा तुकडा सरकवा. ओलं फडकं नाही, मऊ ब्रश. खोके फेकू नका.

११. भारतात न्यायच्या असतील तर

चाकं खाली ठेवून, मूळ थर्माकोलात, आणि बॅगेच्या मध्यभागी कपड्यांत. खोका सपाट घडी करून वेगळा नेला तरी चालतो. एक-दोन हॅन्डबॅगेत घेतल्यात तर सिक्युरिटीवाले उघडून बघू शकतात, त्यामुळे टेपने गच्च बांधू नका. पावत्या फोनमध्ये ठेवा, दहा-पंधरा गाड्या एकदम दिसल्या तर कस्टमवाले विकायला आणल्यात का विचारू शकतात. आणि पुण्या-मुंबईतल्या भाच्याला भेट द्यायची असेल तर सुटी, ओरखडे पडलेली १:६४ न्या, दोन डॉलरची. तो ती जमिनीवर आपटणारच आहे, आणि १:२४ चे ते बोनेटचे बिजागर एका दुपारीत तुटतात.